मुलाच्या इमर्जन्सीत औषध देताना: वजनापासून रेफर चिठ्ठीपर्यंत

झटके येत असलेलं मूल प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात आलं की मिडाझोलाम द्यायचं, हे तिथल्या सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते पुढच्या पायरीवर. किती मिलिग्रॅम? म्हणजे हातातल्या अँप्यूलमधले किती मिली? कशात मिसळायचं आणि किती वेळात द्यायचं? मोठ्या माणसाला ‘एक अँप्यूल लाव’ म्हणून भागतं. इकडे अडीच किलोचं बाळही बालरुग्ण आणि पंचेचाळीस किलोचा नववीतला मुलगाही बालरुग्णच. दोघांच्या मात्रेत अठरा पटींचं अंतर. त्यात आई रडत असते, नातेवाईक खिडकीत गर्दी करून उभे असतात, आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं की मात्रा दहापट होते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की हे गणित मूल येण्याआधी करून ठेवा.

हा लेख पीएचसी, ग्रामीण रुग्णालयं, १०८ ची गाडी आणि लहान दवाखाने इथल्या डॉक्टर-सिस्टरांसाठी आहे. आईवडिलांच्या उपयोगाचं जे आहे ते मधे सांगितलं आहे, पण इंजेक्शनांचे आकडे घरी वापरण्यासाठी नाहीत. तुमच्या जिल्ह्याचा किंवा संस्थेचा प्रोटोकॉल वेगळा असेल तर तो पाळा, आणि शंका आली की हात थांबवून बालरोगतज्ज्ञांना फोन करा.

पहिली पायरी: वजन

काटा असेल आणि मूल ठेवता येत असेल तर वजन करा. लहान मूल असेल तर आईला मुलासकट काट्यावर उभं करा, मग एकटीला, आणि वजाबाकी करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मूल बेशुद्ध आहे, झटके चालू आहेत, तर आईला विचारा. लसीकरणाच्या कार्डावर किंवा अंगणवाडीत अलीकडे केलेलं वजन अनेक आयांना तोंडपाठ असतं.

तेही नसेल तर वयावरून अंदाज. ३ ते १२ महिन्यांच्या बाळासाठी महिन्यांत ९ मिळवा आणि दोनाने भागा. १ ते ६ वर्षांसाठी वयाची दुप्पट अधिक ८. ७ ते १२ वर्षांसाठी वय गुणिले ७, त्यातून ५ वजा, भागिले २. म्हणजे तीन वर्षांचं मूल साधारण १४ किलोचं. पण हा आकडा चांगल्या पोसलेल्या मुलाचा आहे. मेळघाटात, धडगावात किंवा मोखाड्यात तीन वर्षांचं मूल १० किलोचंही असू शकतं, आणि शहरातलं गुटगुटीत मूल १८ चं. सूत्र वापरल्यावर मुलाकडे एकदा नीट बघा आणि आकडा हलवा. लांबीवरून वजन सांगणारी जी रंगीत फीत मिळते ती परदेशी मुलांच्या मापांवर बेतलेली आहे. आपल्या मुलांचं वजन ती बरेचदा जास्त दाखवते.

ठरलेलं वजन मोठ्याने बोला आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून मुलाच्या छातीवर किंवा खाटेवर चिकटवा. पुढे येणारा प्रत्येक माणूस त्याच आकड्यावर काम करेल.

भिंतीवरचा तक्ता आणि ट्रे

आज दुपारी ओपीडी संपल्यावर एक कागद घ्या. डाव्या बाजूला वजनं लिहा: ३, ५, ७, १०, १२, १५, २०, २५, ३० किलो. वर औषधांची नावं. चौकटीत मिलिग्रॅमही लिहा आणि तुमच्या कपाटातल्या अँप्यूलचे मिलीही लिहा. छापील तयार तक्त्यावर विसंबू नका, कारण पुरवठा बदलतो. मिडाझोलाम एका खेपेला १ मिलीत १ मिग्रॅचं येतं, दुसऱ्या खेपेला १ मिलीत ५ मिग्रॅचं. नवा साठा आला की फार्मासिस्ट आणि सिस्टर दोघांनी मिळून तक्ता तपासायचा, खाली तारीख आणि सही करायची.

ट्रेमध्ये ॲड्रेनालिन, मिडाझोलाम, १० टक्के डेक्स्ट्रोज (किंवा ते तयार करण्याचं सामान), ॲट्रोपिन, हायड्रोकॉर्टिसोन, डेक्सामेथासोन, मॅग्नेशियम सल्फेट, सालब्युटामॉल, लिव्हेटिरासिटॅम आणि सेफ्ट्रिॲक्सोन असू द्या. पोटॅशियम क्लोराइड या ट्रेत कधीही ठेवू नका. त्याची प्लास्टिकची अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखी दिसते, आणि ते सरळ शिरेत गेलं तर हृदय जागीच थांबतं. त्याला वेगळं कपाट, वेगळं कुलूप.

औषधाआधी

श्वासनलिका मोकळी आहे का, श्वास चालू आहे का, ऑक्सिजन लावला का, हात-पाय गार आहेत का, साखर किती. हे सगळं एका मिनिटात. पिशवी-मास्क (पिशवी दाबून श्वास देण्याचं साधन) मुलाच्या मापाचा आणि हाताशी हवा. पुढची काही औषधं अशी आहेत की ती देताना श्वास मंदावू शकतो.

शीर सापडत नसेल तर दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त शोधत बसू नका. नडगीच्या हाडात, गुडघ्याच्या खाली आतल्या सपाट बाजूला, इंट्राऑसियस सुई घाला. खास सुई नसेल तर जाड सुईनेही लहान मुलांत काम होतं. शिरेतून जाणारं प्रत्येक तातडीचं औषध आणि सलाईन हाडातून देता येतं. हात बसलेला असला पाहिजे, म्हणून हे आधी एखाद्या प्रशिक्षणात करून घ्या.

झटके

घरून आणताना झटका पाच मिनिटांच्या वर चाललेला असतोच. म्हणून दारात आलेल्या मुलाला झटका चालू असेल तर घड्याळ बघत थांबायचं नाही.

शीर असेल तर लोराझेपाम प्रति किलो ०.१ मिग्रॅ (जास्तीत जास्त ४ मिग्रॅ) किंवा मिडाझोलाम प्रति किलो ०.१ ते ०.१५ मिग्रॅ, सावकाश. लोराझेपाम फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, हे लक्षात घेऊनच साठा करा. शीर नसेल तर शीर शोधण्यात वेळ घालवू नका. मिडाझोलाम नाकातून किंवा मांडीच्या स्नायूत, प्रति किलो ०.२ मिग्रॅ, जास्तीत जास्त १० मिग्रॅ.

इथे अँप्यूलची तीव्रता बघा. १० किलोच्या मुलाला २ मिग्रॅ हवं आहे. ५ मिग्रॅ प्रति मिलीच्या अँप्यूलमधून ते ०.४ मिली होतं, म्हणजे दोन्ही नाकपुड्यांत ०.२ मिली, आणि ते तिथेच शोषलं जातं. १ मिग्रॅ प्रति मिलीच्या व्हायलमधून तेच २ मिली भरतं. दोन मिली नाकात घातलं की बरंचसं घशात उतरतं आणि गुण कमी येतो. नाकासाठी तीव्र अँप्यूल राखून ठेवा. पातळ व्हायल शिरेतून द्यायला चांगली. नाकाचा तयार स्प्रे असेल तर एका दाबात किती मिग्रॅ येतं ते बाटलीवर वाचा, कारण सगळे स्प्रे सारखे नसतात.

पाच मिनिटांनी झटका चालूच असेल तर तेवढीच मात्रा पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा नाही. त्याने झटका थांबण्यापेक्षा श्वास थांबण्याची शक्यता वाढते. आता दुसऱ्या फळीचं औषध: लिव्हेटिरासिटॅम प्रति किलो ४० ते ६० मिग्रॅ, सलाईनमध्ये पातळ करून दहा मिनिटांत. किंवा फेनिटोइन प्रति किलो २० मिग्रॅ, फक्त नॉर्मल सलाईनमध्ये आणि निदान वीस मिनिटं घेऊन. डेक्स्ट्रोजमध्ये फेनिटोइनचे कण बनतात. लिव्हेटिरासिटॅम, फॉस्फेनिटोइन आणि व्हॅल्प्रोएट यांची तुलना करणारा मोठा अभ्यास २०१९ साली आला आणि तिघांचा गुण जवळपास सारखा निघाला. म्हणून छोट्या केंद्रात मी लिव्हेटिरासिटॅमच ठेवायला सांगते. ते लवकर देता येतं आणि रक्तदाबाला, हृदयाच्या ठोक्यांना त्याचा धोका कमी. नवजात बाळात मात्र पहिलं औषध अजूनही फिनोबार्बिटोन, प्रति किलो २० मिग्रॅ.

आईवडिलांसाठी: झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवा आणि किती वाजले ते बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही, तो आपोआप थांबायच्या बेतात असतो म्हणून तसं वाटतं. तापातल्या झटक्यासाठी पॅरासिटामॉल द्या, पण ते मुलाला बरं वाटावं म्हणून. पुढचा झटका त्याने टळेलच असं नाही. आणि बाटली बघून द्या. त्याच नावाखाली १ मिलीत १०० मिग्रॅचे थेंब मिळतात, ५ मिलीत १२५ मिग्रॅचं सिरप मिळतं आणि ५ मिलीत २५० मिग्रॅचंही. मात्रा प्रति किलो १५ मिग्रॅ. ‘अर्धा चमचा’ या मापाला बाटली बघितल्याशिवाय अर्थ नाही.

साखर

झटका किंवा बेशुद्धी असलेल्या प्रत्येक मुलाची साखर ग्लुकोमीटरवर बघायचीच. ५४ च्या खाली असेल, किंवा ग्लुकोमीटर नसेल आणि मूल शुद्धीवर नसेल, तर १० टक्के डेक्स्ट्रोज प्रति किलो ५ मिली. नवजात बाळाला प्रति किलो २ मिली. कपाटात २५ टक्क्यांचंच असेल तर त्यातलं २० मिली आणि निर्जंतुक पाणी ३० मिली मिळून ५० मिली १० टक्के तयार होतं. २५ टक्के तसंच लहान मुलाच्या बारीक शिरेत दिलं तर शीर जळते.

शीर मिळेपर्यंत चमचाभर साखर पाण्याच्या एक-दोन थेंबांनी ओली करून जिभेखाली ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत हा उपाय आहे. मुलाने ती गिळून टाकली तर पुन्हा ठेवा. अर्ध्या तासाने साखर पुन्हा तपासा. कुपोषित मुलात ती पुन्हा उतरते.

ॲनाफिलॅक्सिस

सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन दिलं, सापाची लस सुरू केली, गांधीलमाशी चावली किंवा शेंगदाणे खाल्ले, आणि काही मिनिटांत अंगावर गांधी, ओठ सुजले, आवाज घोगरा, घरघर, उलटी, हात-पाय गार. ही जिवावर बेतणारी ॲलर्जी, म्हणजेच ॲनाफिलॅक्सिस. अशा वेळी अनेक दवाखान्यांत हात आधी ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनकडे जातो. ती औषधं खाजेवर चालतात. बंद होत आलेला घसा आणि पडलेला रक्तदाब सावरणारं औषध एकच, ॲड्रेनालिन, आणि ते पहिल्या मिनिटात जायला हवं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत.

मात्रा: १:१००० चं ॲड्रेनालिन, म्हणजे नेहमीची १ मिलीत १ मिग्रॅची अँप्यूल, पातळ न करता, प्रति किलो ०.०१ मिली. १० किलोला ०.१ मिली, २० किलोला ०.२, तीस किलो आणि वरच्या मुलाला ०.३. पाच मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा.

आता ०.१ मिली मोजायचं कशाने, यावर थोडं थांबू. हाताशी असते ती इन्सुलिनची सिरिंज. लाल टोपणाच्या सिरिंजवर ४० रेघा म्हणजे १ मिली, त्यामुळे ०.१ मिली म्हणजे चौथी रेघ. नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर १०० रेघा म्हणजे १ मिली, तिथे ०.१ मिली म्हणजे दहावी रेघ. गडबडीत कोणी लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाव्या रेघेपर्यंत भरलं तर मुलाला ०.२५ मिली जातं, अडीच पट. शिवाय तिची सुई आखूड आणि कायमची बसवलेली, ती चरबीतच राहते. म्हणून ॲड्रेनालिनच्या डब्यात १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज आणि इंचभर लांबीची २३ नंबरची सुई एकत्र बांधून ठेवा. तिच्यावर शंभर रेघा असतात आणि दहावी रेघ म्हणजे ०.१ मिली, सरळ.

मुलाला आडवं ठेवा, पाय उंच. धाप लागली असेल तर बसू द्या. रक्तदाब पडला असेल तर नॉर्मल सलाईन प्रति किलो १० ते २० मिली. पातळ न केलेलं ॲड्रेनालिन शिरेतून ढकलू नका. हृदय बंद पडलेल्या मुलासाठी शिरेतून किंवा हाडातून द्यायचं ते १:१०,००० चं: एक अँप्यूल आणि ९ मिली सलाईन मिळून १० मिली, त्यातलं प्रति किलो ०.१ मिली, दर ३ ते ५ मिनिटांनी, छाती दाबणं न थांबवता. दोन्ही सिरिंजा एका ट्रेत असतील तर दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लेबल हवं. मूल सावरल्यावरही लगेच घरी सोडू नका, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

दमा आणि क्रूप

दम्यात पहिला तास सालब्युटामॉलचा. इनहेलर आणि स्पेसर (इनहेलर आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी) असेल तर पाच वर्षांवरील मुलाला ४ ते १० दाब, लहानाला २ ते ६, दर वीस मिनिटांनी तीनदा. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला इनहेलरच्या तोंडाएवढं भोक पाडून तो करता येतो. त्याचा गुण विकतच्या स्पेसरइतकाच येतो, हे केप टाउनमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवलं. नेब्युलायझर असेल तर २० किलोच्या आत २.५ मिग्रॅ, वर ५ मिग्रॅ, ३ मिली सलाईनसह. यंत्र शक्यतो ऑक्सिजनवर चालवा, दर मिनिटाला ६ ते ८ लिटर. त्रास जास्त असेल तर त्यातच इप्राट्रोपियम, २० किलोच्या आत २५० मायक्रोग्रॅम, वर ५००.

स्टेरॉइड पहिल्या तासातच: तोंडाने प्रेडनिसोलोन प्रति किलो १ ते २ मिग्रॅ (जास्तीत जास्त ४०), उलट्या होत असतील तर हायड्रोकॉर्टिसोन प्रति किलो ४ ते ५ मिग्रॅ शिरेतून. तासाभराने फरक नसेल तर मॅग्नेशियम सल्फेट. ५० टक्क्यांच्या अँप्यूलमधलं प्रति किलो ०.१ मिली म्हणजे ५० मिग्रॅ. ते सलाईनमध्ये पातळ करून वीस ते तीस मिनिटांत, एकूण २ ग्रॅमच्या वर नाही, रक्तदाब बघत. थिओफायलिनचं इंजेक्शन ‘धाप लागली की द्यायचं’ ही सवय मात्र सोडा. मुलांत त्याची गुणाची मात्रा आणि विषारी मात्रा फार जवळ असते, आणि घरून काय देऊन आणलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

क्रूपमध्ये (स्वरयंत्राच्या सुजेत) भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना आवाज. डेक्सामेथासोन प्रति किलो ०.६ मिग्रॅ, एकदाच. इंजेक्शनचं औषध तोंडाने पाजलं तरी चालतं. श्वास ओढला जात असेल तर १:१००० चं ॲड्रेनालिन प्रति किलो ०.५ मिली, जास्तीत जास्त ५ मिली, नेब्युलायझरने. मुलाला आईच्या मांडीवरच ठेवा, घसा बघायला जबरदस्ती करू नका.

जुलाब, शॉक, जंतुसंसर्ग

सलाईनही औषधच आहे आणि तेही वजनावर. तीव्र पाणी-कमतरतेत रिंगर लॅक्टेट प्रति किलो १०० मिली. एक वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातले ३० मिली प्रति किलो एका तासात आणि ७० पुढच्या पाच तासांत. वर्षाच्या वरच्याला ३० अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत. दोन वर्षांच्या १० किलोच्या मुलाला पहिल्या अर्ध्या तासात ३०० मिली. वीस थेंबांना एक मिली देणाऱ्या सेटने हे मिनिटाला २०० थेंब होतात, म्हणजे सेट पूर्ण उघडा. नंतर मिनिटाला ९३ थेंब. पिऊ लागताच ओआरएस सोबत सुरू, आणि सहा महिन्यांवरील मुलाला झिंक रोज २० मिग्रॅ, १४ दिवस.

कुपोषित मुलाला हा हिशेब लावू नका. त्याचं हृदय एवढं पाणी पेलत नाही. शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेलं) असेल तरच शिरेतून, तेही प्रति किलो १५ मिली एका तासात. श्वास आणि नाडी वाढत गेली तर बंद.

तापाने शॉकमध्ये गेलेल्या मुलाला धडाधड सलाईन द्यायची जुनी शिकवण २०११ साली मोडली. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून अधिक मुलांवरच्या अभ्यासात झटपट सलाईन दिलेल्या गटात ४८ तासांतले मृत्यू दहा टक्क्यांहून जास्त निघाले, न दिलेल्या गटात सात टक्क्यांच्या आसपास. जिथे व्हेंटिलेटर आणि आयसीयू नाही तिथे रक्तदाब पडलेला असेल तरच १० ते २० मिली प्रति किलो द्या, आणि प्रत्येक खेपेनंतर यकृत वाढलंय का, छातीत बुडबुडे ऐकू येतात का ते तपासा. सेफ्ट्रिॲक्सोनची पहिली मात्रा मात्र रेफर करण्याआधीच, तासाच्या आत: प्रति किलो ५० ते १०० मिग्रॅ, मेंदूज्वराची शंका असेल तर १००. ते रिंगर लॅक्टेट चालू असलेल्या नळीतून देऊ नका, कॅल्शियमशी त्याचा साका बनतो. नवजात बाळात त्याऐवजी सेफोटॅक्सिम.

विंचू

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर जे काम केलं ते जगभर वाचलं जातं. विष शरीरातली ॲड्रेनालिनसारखी रसायनं भसाभस सोडायला लावतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी चालते हे त्यांनी १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. त्याआधी गंभीर दंशाची मुलं हातातून जात. डॉ. हिंमतराव यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

नुसतं दुखत असेल तर प्राझोसिन नको. पॅरासिटामॉल, आणि वेदना असह्य असेल तर दंशाच्या जागी ॲड्रेनालिन नसलेलं लिग्नोकेन. पण उलट्या, दरदरून घाम, हात-पाय बर्फासारखे गार, मुलग्यात लिंगाला ताठरता, नाडी जलद यांपैकी काही दिसलं की थांबू नका. प्राझोसिन प्रति किलो ३० मायक्रोग्रॅम तोंडाने, एका वेळी १ मिग्रॅच्या वर नाही. उलटीत पडलं तर पुन्हा, किंवा नाकातल्या नळीने.

गोळी १ मिग्रॅची, म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. १० किलोच्या मुलाला हवेत ३००. गोळीचे तुकडे करू नका. ती चुरून १० मिली पाण्यात घाला. आता १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम झालं आणि ३ मिली पाजायचं. प्राझोसिन पाण्यात नीट विरघळत नाही, चुरा तळाला बसतो. सिरिंजमध्ये ओढण्याच्या क्षणी वाटी हलवा, नाहीतर मुलाला नुसतं पाणी जाईल. गोळी साधी हवी. हळूहळू सुटणारी ‘एक्सएल’ गोळी इथे निरुपयोगी आहे, आणि दुकानात बऱ्याचदा तीच मिळते. म्हणून केंद्राचा साठा आधीच करा आणि पाकीट वाचून घ्या.

पहिल्या मात्रेनंतर तीन तास मूल आडवंच. आई काळजीने उचलून कडेवर घेते आणि तेवढ्यात रक्तदाब कोसळतो. तिला शेजारी झोपू द्या, कारण समजावून सांगा. दर तीन तासांनी पुढची मात्रा, हात-पाय उबदार होईपर्यंत. उलट्या आणि घामाने गेलेलं पाणी तोंडाने भरून काढा. शिरेतून भरभरून सलाईन दिलं तर फुप्फुसातलं पाणी आपणच वाढवतो. ॲट्रोपिन, कॅल्शियम, स्टेरॉइड, ॲव्हिल यांचा इथे उपयोग नाही, आणि ॲट्रोपिन तर घातक. विंचूविरोधी लस उपलब्ध असेल तर प्राझोसिनसोबत द्या. दोन्ही दिलेले रुग्ण लवकर सावरतात, हे २०११ च्या अभ्यासात दिसलं. लस नाही म्हणून प्राझोसिन थांबवायचं नाही. श्वास वाढला, गुलाबी फेस आला, तर ऑक्सिजन लावून ताबडतोब मोठ्या रुग्णालयात.

साप

इथे वजनाचा नियम उलटतो. साप मुलाला बघून विष कमी सोडत नाही, म्हणून लसीची मात्रा मुलाला आणि मोठ्याला सारखीच: विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीला १० व्हायल. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली पाणी घालून ती गोल फिरवा. जोरात हलवली तर फेस येतो. दहा व्हायलचे १०० मिली झाले, १० किलोच्या मुलात हेच प्रति किलो १० मिली होतं, तेव्हा वर आणखी सलाईनची बाटली ओतू नका. एका तासात द्या. चाचणी मात्रा द्यायची नाही. लस सुरू करण्याआधी ॲड्रेनालिन मुलाच्या वजनाप्रमाणे सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवलेलं हवं.

घोणस-फुरशासाठी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त, वीस मिनिटं न हलवता. साबणाने धुतलेली नळी चुकीचा निकाल देते. मण्यारीचा दंश दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलेलं, पापण्या जड झालेलं, गिळता न येणारं मूल जमिनीवर झोपलं होतं का, हे विचारा. पापण्या पडल्या असतील तर ॲट्रोपिन प्रति किलो ०.०५ मिग्रॅ आणि त्यामागून निओस्टिग्मिन प्रति किलो ०.०४ मिग्रॅ. नागाच्या दंशात याने फरक पडतो, मण्यारीच्या दंशात बहुधा नाही; तिथे पिशवी-मास्कने श्वास देत नेणं हाच उपचार.

कीटकनाशक

फवारणीचं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं असतं आणि मूल ते पितं. लाळ, घाम, छातीत घरघर, बारीक बाहुल्या. कपडे काढा, हातमोजे घालून अंग साबणाने धुवा. ॲट्रोपिन प्रति किलो ०.०५ मिग्रॅ शिरेतून. आपली अँप्यूल ०.६ मिग्रॅची, म्हणजे १२ किलोच्या मुलाला एक पूर्ण. पाच मिनिटांनी छाती कोरडी झाली नसेल तर दोन, मग चार, मग आठ. छाती साफ ऐकू येईपर्यंत दुप्पट करत जायचं. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबू नका, खूण बाहुल्यांची नाही, छातीची. साठ्यात पाच-दहा अँप्यूल असून यात भागत नाही, पेटीभर लागतात. रॉकेल प्यालेल्या मुलाला मात्र उलटी करवू नका, नळीने पोट धुऊ नका. ऑक्सिजन आणि निरीक्षण, बहुतेक वेळा एवढंच.

रेफर चिठ्ठी

पुढच्या डॉक्टरांना सगळ्यात जास्त त्रास ‘मिडाझ दिलं’ एवढ्या ओळीने होतो. किती, कधी, कशातून हे कळलं नाही तर ते तिसरी मात्रा देऊन बसतील, किंवा भीतीने देणारच नाहीत. चिठ्ठीवर आधी वजन, आणि ते मोजलेलं की अंदाजाचं. मग प्रत्येक औषधासमोर मिलिग्रॅममध्ये मात्रा (मिलीत नको, त्यांची अँप्यूल वेगळी असेल), मार्ग आणि घड्याळाची वेळ. ‘मिडाझोलाम २ मिग्रॅ, नाकातून, ६.१०, पुन्हा २ मिग्रॅ, ६.१५, साखर ३८, १० टक्के डेक्स्ट्रोज ५० मिली, ६.१८.’ मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहा. दशांशाआधी शून्य लावून ‘०.५’ असं लिहा, नुसतं ‘.५’ नको, आणि ‘५.०’ कधीच नको, घाईत त्याचे पन्नास वाचले जातात.

गाडी निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन करून हेच वाचून दाखवा. १०८ च्या डॉक्टरांच्या हातात पुढच्या मात्रेची भरलेली, लेबल लावलेली सिरिंज द्या, आणि सिलिंडरमध्ये पोहोचेपर्यंत पुरेल इतका ऑक्सिजन आहे का ते काट्यावर स्वतः बघा.